जवळच्या अनोळखी माणसासाठी : प्रस्तावना

मोबाइलवरून जगाच्या दुसऱ्या टोकाला बोलता येतं, पण पुढे चाललेल्या ट्रकच्या चालकाशी बोलता येत नाही. त्याचा नंबर आपल्याकडे नसतो. त्याच्या मागच्या चाकातून धूर निघतो आहे, ताडपत्रीची दोरी सुटली आहे, किंवा वळणापलीकडे दरड कोसळली आहे, हे त्याला सांगायचं तर हॉर्न वाजवायचा, दिवे मिचकावायचे, खिडकीतून हात हलवायचा आणि त्याला ते उमगेल अशी आशा धरायची. अमेरिकेच्या महामार्गांवर पन्नास वर्षं हे काम एक साधी पेटी करत आली आहे. जाड पुस्तकाएवढा संच, गुंडाळीच्या वायरला लटकलेला माइक आणि गाडीबाहेर उभी एक लांब काडी. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. नंबर नाही, महिन्याचं बिल नाही, मधे कुठला मनोरा नाही. आसपास ज्या ज्या गाडीत असा संच त्याच चॅनेलवर चालू असेल, त्या प्रत्येक गाडीत आवाज पोचतो. या संचाला सिटिझन्स बँड रेडिओ, थोडक्यात सीबी, म्हणतात. हे पुस्तक त्याच्याविषयी आहे.

सीबीवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, त्यातलं बरंचसं दोन प्रकारचं. एक, सत्तरच्या दशकातलं अमेरिकन वेड म्हणून आठवणी काढणारं. दुसरं, संचांची तुलना करणारं, कोणता घ्यावा नि कुठे बसवावा ते सांगणारं. दोन्ही वाचताना मला एक गोष्ट हुकल्यासारखी वाटते. ओळखीच्या माणसांशी जोडणारी साधनं आज आपल्याकडे हवी तितकी आहेत. जो जवळ आहे पण ओळखीचा नाही, त्याच्याशी जोडणारं साधन मात्र फार विरळा. सीबीचं सगळं तंत्र, त्याचे नियम, त्याच्या रीतीभाती आणि त्याचे दोषसुद्धा या एका गोष्टीतून निघतात. म्हणून या पुस्तकात यंत्र आणि माणसं वेगळी काढलेली नाहीत.

मराठी वाचकाला बिनतारी संभाषण अगदीच नवं नाही. पोलिसांचा वायरलेस सगळ्यांनी ऐकला आहे. कोकणात मासेमारीला जाणाऱ्या बोटींवर व्हीएचएफ संच असतात आणि संकटात चॅनेल १६ वर हाक द्यायची हे खलाशांना ठाऊक असतं. हॅम रेडिओचे हौशी महाराष्ट्रातही आहेत. हॅम आणि सीबी यांची गल्लत नेहमी होते, म्हणून फरक इथेच सांगतो. हॅमला परीक्षा द्यावी लागते, सरकारकडून त्याला स्वतःचं संकेतनाम मिळतं, अनेक पट्टे वापरता येतात आणि प्रयोग करणं हा त्याचा मान्य उद्देश असतो. त्याची ताकद संकटात दिसते. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आपल्या हॅम मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या; इतर संपर्क तुटलेला असताना त्यांच्या संचावरून अंदमानातले निरोप मुख्य भूमीवर पोचले. सीबीवाल्याकडे ना परीक्षा असते, ना अनेक पट्टे. चाळीस चॅनेलांची एक अरुंद पट्टी आणि बल्बच्याही मानाने किरकोळ शक्ती, एवढंच त्याचं भांडवल. पण ते कुणालाही, दुकानातून संच आणल्या दिवशीच, वापरता येतं. हॅमचा सगळा इतिहास कौशल्याचा आहे. सीबीचा इतिहास गर्दीचा आहे, आणि गर्दीचा इतिहास समजून घेणं मला अधिक अवघड वाटतं.

त्या इतिहासाची सुरुवात अल ग्रॉस या संशोधकापासून होते. हाती धरायच्या बिनतारी संचांवर त्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून काम केलं होतं. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या प्रदेशातले हेर आणि वरून उडणारं विमान यांच्यात बोलणं व्हावं म्हणून त्याने संच बनवले. युद्ध संपता संपता अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने सामान्य नागरिकांना खाजगी रेडिओसाठी ४६० मेगाहर्ट्झच्या आसपास जागा दिली आणि ग्रॉसने त्यासाठी कंपनी काढली. त्याचे संच मुख्यतः शेतकऱ्यांनी आणि तटरक्षक दलाने घेतले. पण एवढ्या वरच्या वारंवारतेवर चालणारे संच तेव्हा महाग पडत. म्हणून ११ सप्टेंबर १९५८ रोजी कमिशनने २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात २३ चॅनेल खुले केले. हा पट्टा आधी हॅम मंडळींकडे होता. तो काढून घेतल्याचा राग त्यांनी पुढे कित्येक वर्षं सोडला नाही.

हा पट्टा फारसा सोवळा नव्हताच. २७.१२ मेगाहर्ट्झच्या भोवती कारखान्यांतली प्लास्टिक जोडायची यंत्रं आणि डॉक्टरांची शेक देण्याची यंत्रं चालत असत. खेळण्यांच्या रिमोटलाही इथेच जागा मिळाली. आपल्याकडच्या जुन्या रिमोटच्या मोटारींवर २७ मेगाहर्ट्झ असं छापलेलं असायचं, ती हीच वारंवारता. सीबीच्या चॅनेलांच्या वारंवारतांत मधे मधे जी फट दिसते, ती या खेळण्यांसाठी आणि विमानांच्या नमुन्यांसाठी सोडलेली आहे. थोडक्यात, सामान्य माणसाला मिळालेली ही जागा गजबजलेली आणि खरखरीची होती.

पहिली पंधरा वर्षं सीबी कामाच्या माणसांनी वापरलं: प्लंबर, टॅक्सीवाले, छोटे ठेकेदार, शेतकरी. परवाना लागे, संकेतनाम सांगावं लागे, आणि नुसत्या गप्पांना नियमाने मनाई होती. मग ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. डिझेल महागलं, पंपांवर रांगा लागल्या, आणि इंधन वाचवण्यासाठी १९७४ च्या सुरुवातीला देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा आली. स्वतःचा ट्रक स्वतः चालवणाऱ्याला पैसे मैलांवर मिळत, त्यामुळे वेगावरची कात्री सरळ त्याच्या कमाईवर चालली. डिसेंबर १९७३ पासून ट्रकवाल्यांनी रस्ते अडवले, संप केले, आणि या सगळ्याची जुळवाजुळव सीबीवरून झाली. डिझेल कुठे शिल्लक आहे, कुठे मिळत नाही, पोलीस कुठल्या पुलाखाली थांबले आहेत, याच्या बातम्या एका गाडीतून दुसऱ्या गाडीत पळू लागल्या. सामान्य मोटारवाल्यांनी हे ऐकलं आणि त्यांनीही संच घेतले.

पुढचं सगळं फार वेगाने घडलं. सी. डब्ल्यू. मॅकॉलचं ‘कॉन्व्हॉय’ हे गाणं १९७५ मध्ये आलं आणि गाजलं. १९७७ मध्ये ‘स्मोकी अँड द बँडिट’ हा चित्रपट आला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनीही ‘फर्स्ट मामा’ हे टोपणनाव घेऊन माइक हातात धरला. टोपणनाव घ्यायची ही पद्धत, ज्याला सीबीवर हँडल म्हणतात, त्या काळाचं मोठं आकर्षण होती. रात्रीच्या रस्त्यावर एक पोस्टमन, एक परिचारिका आणि एक ट्रकचालक एकमेकांना केवळ आवाजाने ओळखत होते. जानेवारी १९७७ या एका महिन्यात परवान्याचे सुमारे दहा लाख अर्ज आले. त्याच महिन्यापासून चॅनेल २३ चे ४० झाले. इतके अर्ज तपासणं कमिशनच्या आवाक्यात राहिलं नाही. लोक परवान्याशिवायच बोलत होते. शेवटी १९८३ मध्ये वैयक्तिक परवान्याची अटच निघाली. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. वापरणाऱ्यांच्या संख्येपुढे नियम करणाऱ्यांना वाकावं लागलं, आणि त्या दिवसापासून या पट्ट्यावरचा कारभार बराचसा वापरणाऱ्यांच्याच शहाणपणावर राहिला.

ते शहाणपण काय प्रतीचं होतं, हे पाहण्याआधी यंत्राकडे वळायला हवं, कारण माणसांच्या रीती यंत्राच्या स्वभावातून घडल्या आहेत. अमेरिकेत सीबीला एएम पद्धतीने ४ वॉट आणि सिंगल साइडबँड पद्धतीने शिखराला १२ वॉट शक्तीची मुभा आहे. सपाट प्रदेशात गाडीतून गाडीत पाच-दहा किलोमीटर पोच मिळते. डोंगर आडवा आला की कमी. नवखा माणूस पोच वाढवायची म्हणून शक्ती वाढवायला निघतो आणि बेकायदा अँप्लिफायर विकत घेतो. पण ऐकणाऱ्याच्या मीटरवर काटा एक घर पुढे सरकायला शक्ती चौपट लागते. चारचे सोळा वॉट करा, काटा एक घर हलेल. शिवाय अशा अँप्लिफायरमधून २७ च्या दुप्पट, ५४ मेगाहर्ट्झवरही लहर बाहेर पडते, आणि अमेरिकेत टीव्हीचं चॅनेल २ नेमकं तिथून सुरू होत असे. शेजाऱ्यांशी झालेल्या कित्येक भांडणांचं मूळ या गुणाकारात आहे.

खरी करामत अँटेनात असते. २७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर. तिचा चौथा भाग म्हणजे पावणेतीन मीटर ही अँटेनाची नैसर्गिक उंची. गाडीचं लोखंडी अंग तिचा उरलेला अर्धा भाग बनतं. एवढी काडी रस्त्यावर गैरसोयीची, म्हणून तळाशी किंवा मधे तारेचं वेटोळं घालून ती मीटर-दीड मीटरवर आणतात आणि त्या बदल्यात थोडी कार्यक्षमता गमावतात. ती कुठे बसवली, तिचा लोखंडाशी सांधा कसा आहे, आणि एसडब्ल्यूआर मीटरवर संचाची शक्ती अँटेनातून बाहेर जाते की उलटी परत येते, यावर ऐकू जाणं-न जाणं ठरतं. मीटरने दीडच्या आत आकडा दाखवला तर उत्तम, दोनपर्यंत चालतं, तीनवर थांबायचं. चांगल्या जागी नीट जुळवलेली काडी स्वस्त संचालाही महागड्या संचाच्या पुढे नेते. या विषयाला पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत आणि त्याबद्दल मला जराही खंत नाही.

दुसरी गोष्ट एएमची. एकाच चॅनेलवर दोघे एकदम बोलले की एएमवर शिट्टीसारखा स्वर उमटतो, पण दोघांचे आवाज त्यात पुसट का होईना असतात. तिसऱ्याला कळतं की कुणीतरी मधे येऊ पाहतं आहे. एफएममध्ये असं होत नाही. ज्याचा संदेश जोरदार तोच ऐकू येतो, दुसरा आहे हेही कळत नाही. विमानांचे वैमानिक आजही एएमवर बोलतात, त्यात या गुणाचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये सीबीवर एफएमला परवानगी मिळाली, आवाज स्वच्छ झाला. पण सगळ्यांच्या सामाईक चॅनेलवर दुबळ्या आवाजाची चाहूल लागणं मला स्वच्छतेपेक्षा मोलाचं वाटतं. दोन बोलण्यांच्या मधे क्षणभर थांबायची, त्या फटीत नव्या माणसाने ‘ब्रेक’ म्हणून आत यायची रीत याच जाणिवेतून आली आहे. चॅनेल ९ संकटासाठी राखून ठेवायचं, हे कमिशनने १९७० च्या सुमारास ठरवलं. चॅनेल १९ मात्र ट्रकवाल्यांनी स्वतः ठरवलं, आणि कुठल्याही कागदावर सक्ती नसताना ते आजही देशभर पाळलं जातं. १९६२ मध्ये सुरू झालेल्या रिॲक्ट या संघटनेचे स्वयंसेवक चॅनेल ९ वर रात्रंदिवस कान लावून बसत आणि अपघाताची खबर पोलिसांपर्यंत पोचवत.

आता दोष. टोपणनावाआड शिवीगाळ होती, वंशद्वेष होता, मुद्दाम माइक दाबून धरून चॅनेल बंद पाडणारे होते. नंतरच्या काळात इंटरनेटवर जे जे पाहायला मिळालं, त्यातलं बरंच इथे आधी घडून गेलं होतं. तरी एक फरक राहिला. इथे बोलणारा पाच-दहा किलोमीटरच्या आतच असायचा आणि पुढच्या ढाब्यावर, म्हणजे त्यांच्या ट्रकस्टॉपवर, समोर उभा राहू शकत होता. या शक्यतेने किती जिभा आवरल्या असतील याचं मोजमाप करता येत नाही, पण जुन्या सीबीवाल्यांच्या बोलण्यात ती गोष्ट वारंवार येते.

जवळिकीचा हा हिशोब मोडणारा एक पंथ सीबीत पहिल्यापासून आहे. सूर्यावरचे डाग सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात. ते भरात असताना आयनमंडलाचा वरचा थर २७ मेगाहर्ट्झच्या लहरी परत खाली वळवतो, आणि चार वॉटचा आवाज हजारो किलोमीटरवर उतरतो. याला स्किप म्हणतात. अमेरिकेत दीडशेहून अधिक मैलांवर बोलायला नियमाने बंदी होती. ती २०१७ मध्ये उठली, पण लोकांनी तिची वाट पाहिली नव्हती. कृष्णवर्णीय अमेरिकनांमध्ये तर दूरच्या बोलण्याची आणि स्वतःच्या खास शैलीची मोठी परंपरा उभी राहिली. चॅनेल ६ तिच्यासाठी ओळखलं जातं. गंमत अशी की एकाचा स्किप म्हणजे दुसऱ्याचा गोंगाट. आकाश उघडलं की ट्रकवाल्याला शेजारचा ट्रक ऐकू येईनासा होतो. हा झगडा मिटण्यासारखा नाही आणि मी तो मिटवायचा प्रयत्न केलेला नाही. दोन्ही पंथांना त्यांच्या शब्दांत मांडलं आहे.

अमेरिकेबाहेर गेल्यावर हेच साधन प्रत्येक देशाने आपापल्या परीने घडवलं. ब्रिटनमध्ये लोक चोरून आणलेल्या अमेरिकन संचांवर बोलत होते. सरकारने २ नोव्हेंबर १९८१ रोजी सीबीला मान्यता दिली, पण एफएमवर आणि वेगळ्या वारंवारतांवर, म्हणजे जुने संच निरुपयोगी ठरावेत अशा बेताने. एएम आणि साइडबँडला तिथे २०१४ मध्ये मुभा मिळाली. रशियात ट्रकवाले चॅनेल १५ वर भेटतात, पोलंडमध्ये १९ वर. ऑस्ट्रेलियाने १९७७ मध्ये सीबी कायदेशीर केलं आणि ४७७ मेगाहर्ट्झच्या आसपास यूएचएफचा पट्टाही दिला. तिथे स्किप नाही, खरखर कमी, अँटेना छोटी, शिवाय डोंगरमाथ्यावरच्या रिपीटरमुळे पोच लांब. मोबाइलची रेंज नसलेल्या तिथल्या अफाट मधल्या प्रदेशात आज ट्रकवाले चॅनेल ४० वर बोलतात, आणि भाड्याच्या जीपमध्येही यूएचएफ संच दिसतो. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी जे सुट्टीत त्या रस्त्यांना लागतात, त्यांच्यासाठी हा भाग विशेष तपशिलाने लिहिला आहे. रुंद रस्त्यावर दीडशे फुटी रोड-ट्रेनला मागे टाकण्यापूर्वी तिच्या चालकाला विचारून घेणं, हा तिथे जिवाचा प्रश्न असतो.

भारताचं काय, हा प्रश्न मराठी वाचक पहिल्यांदा विचारणार. २००५ च्या नियमांनी आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा ५ वॉटपर्यंत परवानामुक्त झाला, पण संचाच्या अंगच्याच अँटेनाच्या अटीवर. वर अँटेनाविषयी जे सांगितलं ते आठवलं की या अटीचा अर्थ लक्षात येईल: पावणेतीन मीटरची गरज असलेल्या लहरीला वीतभर जागा. अमेरिकन संचांचे वरचे चॅनेल तर या पट्ट्याच्या बाहेरच पडतात. त्यामुळे ट्रकमध्ये बसवायचं सीबी आपल्या महामार्गांवर रुजलंच नाही. २०१८ मध्ये ४४६ मेगाहर्ट्झवर हाती धरायच्या कमी शक्तीच्या संचांना मोकळीक मिळाली. सह्याद्रीत गटाने फिरणाऱ्यांना ती उपयोगी आहे. मात्र ऑनलाइन बाजारात मिळणारे कितीतरी वॉकी-टॉकी या मर्यादेत बसत नाहीत, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ मध्ये त्यांच्या विक्रीवर मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. परदेशातून येताना बॅगेत संच टाकून आणणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा. माझं मत मी पुस्तकात लपवलेलं नाही: वरंधा, ताम्हिणी, आंबोलीसारख्या घाटांत पावसाळ्यात जिथे रेंज जाते आणि दरड येते, तिथे वाहनांना आपसांत बोलता येईल असं एक सामाईक, खुलं, बाहेरची अँटेना चालणारं चॅनेल देशाने द्यायला हवं. त्यासाठी नवं काही शोधायचं नाही. इतरांनी पन्नास वर्षांत काय कमावलं आणि कुठे चुकले, ते नीट पाहायचं आहे.

हे पुस्तक तीन प्रकारच्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. जे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात राहतात आणि उद्या संच विकत घेऊ शकतात. जे इथे राहून रेडिओचं शास्त्र शिकू पाहतात, कदाचित पुढे हॅमच्या परीक्षेला बसतील. आणि ज्यांना यंत्रात रस नाही, पण अनोळखी माणसं एका जागेचा वापर कसा वाटून घेतात याचं कुतूहल आहे. तिघांनाही प्रत्येक पान सारखंच लागेल असं नाही. गणित जिथे टाळता आलं तिथे टाळलं, जिथे टाळल्याने खोटं ठरलं असतं तिथे ठेवलं. ट्रान्समीटर, स्क्वेल्च, साइडबँड असे शब्द मराठीत रुळले आहेत तसेच वापरले. त्यांना नवी नावं देत बसलो नाही. कायदे बदलत राहतात, आणि आपल्याकडे २०२३ च्या दूरसंचार कायद्यानंतर तर नियमावल्या नव्याने लिहिल्या जात आहेत. तेव्हा पुस्तकातला कायद्याचा भाग दिशा म्हणून घ्यावा आणि संच घेण्याआधी चालू नियम पाहावेत.

वाचण्याचा क्रम वाचकाने आपल्या आवडीने ठरवावा. कुणी इतिहासापासून सुरुवात करेल, कुणी स्किपपासून. फक्त ज्यांच्या हातात संच आधीच आला आहे, त्यांनी अँटेनाचं प्रकरण सर्वांत आधी वाचावं आणि ते संपेपर्यंत माइकचं बटण दाबू नये. अँटेना न जोडता किंवा तुटक्या केबलवर बटण दाबलं, तर बाहेर जायची शक्ती संचातच परतते आणि त्यातला शेवटचा ट्रान्झिस्टर जळू शकतो. ऐकायला मात्र काहीच हरकत नाही. स्क्वेल्चचं बटण खरखर थांबेपर्यंतच फिरवावं, त्यापुढे नाही, म्हणजे लांबचे, दुबळे आवाज गाळले जात नाहीत. आणि पहिले काही दिवस नुसतं चॅनेल १९ ऐकावं.